शब्द खोडला, शिवी उरली

मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन'मध्ये काळ्यांना हिणवणारा शब्द २०० हून अधिक वेळा येतो. शाळांनी कादंबरी टाळू नये म्हणून प्रा. अ‍ॅलन ग्रिबेन यांनी २०११ च्या अमेरिकन आवृत्तीत त्या जागी 'गुलाम' हा शब्द घातला. मला ही तडजोड अमान्य आहे. १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने संपली, शिवी उरली. उरलेले खोडून संपलेले लिहिणे ही इतिहासाची सारवासारव होय. पण ती शिवी बेपर्वाईने मोठ्याने वाचणारा शिक्षकही दोषीच. त्या क्षणी वर्गातले काळे मूल एकटे पडते. आपल्या आत्मकथनांतही जातिवाचक शिव्या आहेत, पण त्या सोसणाऱ्याच्या लेखणीतून येतात. म्हणून ट्वेनच्या शेजारी, गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसचे १८४५ चे आत्मकथन शिकवा. हिणवलेल्याची साक्ष ऐकल्याविना हिणवणाऱ्याचा शब्द कळत नाही.