मानशीचं दार

दिवाडीला समुद्र नाही. गोव्याला निघालो म्हटल्यावर लातूरच्या आमच्या गल्लीत ज्यानं त्यानं आपापल्या आवडीचा किनारा सुचवला होता. आम्ही मात्र मांडवी नदीच्या पोटातल्या या बेटावर चार रात्री काढून आलो. तिथं वाळू नाही, लाटा नाहीत, पाण्यात उतरायला धड जागाही नाही. कापणी झालेली भातखाचरं, मंगळुरी कौलांची घरं, टेकडीवर पिएदादचं चर्च आणि चहूबाजूंनी पाणी, एवढाच ऐवज. एवढ्याशा सामग्रीतून इतका गाढ निवांतपणा कसा उभा राहतो, याचं मला रोज नव्यानं नवल वाटायचं. नोकरीची सगळी वर्षं मी वर्गात कवितेचं रसग्रहण शिकवलं. कविता आवडली म्हणून भागत नाही, कुठं आवडली तिथं बोट ठेवता आलं पाहिजे, असं मुलांना सांगत आले. दिवाडीवर आता तसंच बोट ठेवून बघते.

पण वाचणारा कुठून आला, यावरही वाचन ठरतं. माझं माहेर नांदेडचं. संध्याकाळी वडील आम्हा भावंडांना गोवर्धन घाटावर न्यायचे. पावसाळ्यात पायऱ्या बुडायच्या, उन्हाळ्यात गोदावरी दूर सरकायची, तरी ती असायचीच. लग्न होऊन लातूरला आले आणि पाण्याचा अर्थच बदलला. नांदेडला पाणी ही जागा होती, लातूरला पाणी ही वेळ झाली. कुठल्या वारी येणार, किती वाजता, किती वेळ. घराच्या वरच्या मजल्यावर बारावीची मुलं भाड्यानं राहायची. ‘लातूर पॅटर्न’चं नाव ऐकून खेड्यापाड्यांतून आलेली ती लेकरं, त्यांच्या बादल्याही माझ्याच हिशेबात. रात्री तीनला, चारला, गल्लीत कुणी “पाणी आलं” म्हणालं की माझे डोळे उघडायचे. पुढं पुढं कुणी म्हणायचीही गरज उरली नाही. नळाच्या तोटीतून आधी हवा सुटते, त्या फुसकाऱ्यानंच मला जाग यायची.

2016 साल आठवून आजही घशाला कोरड पडते. मांजरा धरण आटलं, मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. 10 वाघिणी, 5 लाख लिटर. अख्ख्या शहरात वाटलं तर माणशी जेमतेम लिटरभर. पुढं 50 वाघिणींची गाडी यायला लागली, तेव्हा कुठं जिवात जीव आला. त्या वर्षी आमच्या घरातलं एकही भांडं रिकामं नव्हतं. चहाची किटलीसुद्धा भरून ठेवलेली असायची.

आमचं लग्न झालं तेव्हा ‘फिरायला जाणं’ म्हणजे माहूर आणि तुळजापूर. रेणुकेचं दर्शन, भवानीचं दर्शन, आणि परत. दोघांनी कुठंतरी जाऊन नुसतं बसायचं, हे आमच्या पिढीला कुणी शिकवलंच नाही. हे भौतिकशास्त्राचे शिक्षक, तासाच्या घंटेवर चाललेले. निवृत्त झाल्यावर मीच हट्ट धरला. धपाटे, शेंगाची चटणी बांधून घेतली आणि निघालो.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा संध्याकाळ झालेली, ओहोटी लागलेली. काठावरचा काळा चिखल उघडा पडला होता आणि त्याचा खारट, कुबट वास सुटला होता. फेरीबोट आली, तिची लोखंडी फळी काठावर आपटली, स्कूटरवाले, शाळेची पोरं, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका असे सगळे चढलो. समोरचं बेट इतकं जवळ की पलीकडच्या माणसाला हाक ऐकू जावी. पण बोट सरळ जात नाही. ती धारेवर तिरपी चढते, मग प्रवाह तिला पलीकडच्या धक्क्यापाशी आणून सोडतो. तो तिरपेपणा मला फार आवडला. पुलावरून गाडी आरपार जाते, नदीची परवानगी कुणी घेत नाही. इथं दर खेपेला ती घ्यावी लागते. मिनिटं मोजकीच, पण तेवढ्यात अंगातली घाई काठावर राहते. या बेटाच्या कवितेची पहिली ओळ कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी त्या तिरप्या बोटीकडं बोट दाखवीन.

ज्या घरात उतरलो त्याला बाल्कांव होता. गोव्याकडच्या जुन्या घरांच्या दारासमोर, पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना दगडी बैठका बांधलेल्या असतात, वर छोटंसं छप्पर. रस्त्याकडं बघत बसायला ही जागा आहेच, पण या बैठका समोरासमोर असतात. शेजारी बसलं की दोघं मिळून तिसरंच काही बघतात, टीव्ही, रस्ता, नातवंडं. समोरासमोर बसलं की एकमेकांना बघावंच लागतं. पहिल्या सकाळी आम्ही तिथं चहा घेतला, तेव्हा ह्यांच्या भुवया पार पांढऱ्या झाल्यात हे मला दिसलं. रोज एका घरात वावरून दिसलं नव्हतं. बांधणाऱ्यानं त्या दोन बैठकांमधलं अंतर किती नेमकं धरलंय! आवाज चढवावा लागत नाही आणि गप्प बसलं तरी अवघड वाटत नाही.

पहाटेचा आवाजही सांगते. अंधार विरळ होताना सायकलच्या भोंग्याचा पों-पों आवाज यायचा. तो पोदेर, पाववाला. सायकलला मागं बांबूची मोठी टोपली, तीत गरम पोय. माझे कान पहाटेच्या आवाजाला दचकायला शिकलेले. पहिल्या दिवशी मी ताडकन उठून बसले. दुसऱ्या दिवशी पडल्या पडल्या ऐकलं. तिसऱ्या दिवशी ऐकलंच नाही, आणि पाव आणायला हे गेले.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं त्या जागी येते. दिवाडीची सखल शेतं म्हणजे खाजन. भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली जाणारी दलदल लोकांनी शतकानुशतकं चिखलमातीचे, चिऱ्याचे बांध घालून अडवली आणि तिथं भात पिकवला. खारेपणा सोसणारं कोरगुट नावाचं भात या जमिनीचं खास. पण नुसता बांध घालून चालत नाही. पावसाचं, शेतातलं पाणी बाहेर जायला वाट हवी, आणि त्याच वाटेनं नदीचं खारं पाणी आत यायला नको. ते काम मानस करते. बांधाच्या पोटात चिऱ्याची चौकट आणि तिला लाकडी दारं. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बांधावरून चालत एका मानशीपाशी गेलो आणि उठायलाच तयार नव्हतो.

तीनच्या सुमाराला भरती पुरती चढलेली. दार घट्ट मिटलेलं. नदी बाहेरून रेटत होती आणि तिच्याच रेट्यानं दार चौकटीत बसलं होतं. जितका जोर अधिक तितकं दार घट्ट. आत नाल्यात पाणी शांत, एक बगळा एका पायावर. मग नदी उतरायला लागली. आधी काही कळत नाही. बांधाच्या दगडावर बोटभर ओली रेघ दिसते, मग वीतभर. बगळ्यानं पाय बदलला. मी ह्यांना विचारलं, “काय बघायलाव एवढं?” हे म्हणाले, “दार कोण उघडायलंय ते बघायलोय.” कुणीच उघडत नव्हतं. बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली आणि आतलं पाणी दाराला टेकलं. आधी कडेनं एक चकाकती पट्टी सुटली, मग दार किंचित करकरलं, आणि खळाळ सुरू झाला. पाच वाजत आले होते.

ह्यांनी मला दाब, पातळी, बिजागरी दाराच्या कुठल्या अंगाला असते ते सगळं मातीत काडीनं काढून समजावलं, चाळीस मुलांना समजवावं तसं. मला समजलं ते असं, की तीस-बत्तीस वर्षं मी घराची मानस होते. पाणी आलं की उघडायचं, भरलं की मिटायचं, रात्रीबेरात्री चौकटीपाशी उभं राहायचं. आणि इथं एक दार होतं, जे पाण्याच्याच हातानं मिटत आणि उघडत होतं, दिवसातून दोनदा, रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरानं. मानस या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ मन. कोकणीत तो असा दाराला कसा चिकटला त्या वादात मी पडत नाही, पण त्या दुपारी दोन्ही अर्थ मला एकाच जागी दिसले.

मला आमचा बाभळीचा बंधारा आठवला. नांदेड जिल्ह्यात, धर्माबाद तालुक्यात, गोदावरीवर. शेजारच्या राज्याशी वाद झाला आणि 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. दरवर्षी 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची, 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचं. पावसाळाभर नदी समोरून वाहते आणि काठचा शेतकरी ऑक्टोबरच्या तारखेकडं डोळे लावून बसतो. तो निकाल न्यायाचा असेल, खालच्या गावांनाही तहान आहेच. पण आमच्याकडं दाराला तारीख लागते, कागद लागतो, हे मला त्या बांधावर बसून टोचलं. आणि कंधारचा जगत्तुंग सागर आठवला, राष्ट्रकूटांच्या काळचा तलाव. शाळेच्या सहलीत त्याच्या काठी डबे खाल्ले होते. आमच्या पूर्वजांनी पाणी थांबवण्याची कला साधली, कारण ते पुन्हा येईल याचा भरवसा नव्हता. इथल्यांनी त्याला येऊ-जाऊ देण्याची साधली.

मात्र हे दार आपोआप चालतं असं म्हणून मी गप्प बसले तर वाचन अर्धवट राहील. लाकूड कुजतं, बांधाला खेकडे भोकं पाडतात, मासळीच्या लोभानं दार अवेळी उघडं ठेवलं की खारं पाणी शेतात शिरतं. बांध फुटून पडीक पडलेली खाजनं गोव्यात जागोजागी आहेत. पूर्वी गावकरी, म्हणजे कोमुनिदाद ही गावाची सामाईक संस्था, हे सगळं सांभाळायची. दार ज्या सहजतेनं उघडलं, तिच्यामागं कुणाचे तरी चिखलात राबलेले हात होते. बादल्या भरलेल्या बाईला ते दिसणारच.

बेटावरच्या जुन्या नार्व्यालाही जाऊन आलो. इथं कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वराचं देऊळ होतं. कदंब राजानं ते आपल्या राणीसाठी, कमलादेवीसाठी बांधलं असं सांगतात. पोर्तुगिजांनी 16 व्या शतकात ते पाडलं, तेव्हा लोकांनी लिंग नदीपलीकडं डिचोलीच्या बाजूला नेलं, आणि तिथल्या नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार 1668 मध्ये शिवछत्रपतींनी करवला. बेटावर कोटीतीर्थाचं तळं राहिलंय. त्याच्या काठी आम्ही उरलेले धपाटे खाल्ले. देव पलीकडं, तीर्थ अलीकडं, मध्ये नदी. तळ्यात एक पान पडलेलं, ते हलतही नव्हतं.

शेवटच्या रात्री मला चारला जाग आली. सवयच ती. खोलीत अंधार, खिडकीतून गार, ओला वारा. कुठं भोंगा नाही, पाऊल नाही. कान देऊन ऐकलं तर लांबून, बांधाच्या अंगानं, पाणी दगडाला लागल्याचा बारीक चुळचुळाट. मी आठवून हिशेब केला. दुपारची भरती साडेतीनची, म्हणजे आता पुन्हा चढलेली असणार, आणि मानशीचं दार मिटलेलं असणार.

शेजारी हे कुशीवर वळले. झोपेतच, घरी विचारायचे तसं विचारलं, “पाणी आलं का?”

“आलंय,” मी म्हणाले. “झोपा तुम्ही.”