शेवटच्या माणसाची बहीण

डेव्हिड क्रिस्टल यांचं 'लँग्वेज डेथ' (2000) हे पुस्तक कॅमेरूनमध्ये सुरू होतं. 1994-95 मध्ये भाषाशास्त्रज्ञ ब्रूस कॉनेल यांना मांबिला भागात कासाबे ही बांटॉइड गटातली भाषा बोलणारा एकच माणूस सापडतो. आणखी नोंदी घ्यायला ते नोव्हेंबर 1996 मध्ये परत जातात, तर तो माणूस वर्षभरापूर्वीच, 5 नोव्हेंबर 1995 ला वारलेला. भाषा मेल्याची इतकी नेमकी तारीख! वाचताना काटा येतो.

माझा आक्षेप त्या तारखेवरच आहे. क्रिस्टल जाता जाता सांगतात, त्या माणसाच्या मागे एक बहीण होती. तिला कासाबे कळायची म्हणे, पण बोलता येत नव्हती. शेवटचा माणूस एकटा उरतो तेव्हाच संवाद संपलेला असतो, हे क्रिस्टल मान्य करतात. पालक मुलांना भाषा का देत नाहीत, याचीही ते नीट चर्चा करतात. पण आपल्या लक्षात राहतो तो शेवटचा माणूसच. बहीण एका वाक्यात संपते.

मला ती अडते, कारण ती बहीण मी आहे. नामपूरला घरी गेलो की आजी विचारते, "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" मी म्हणतो, "काही नाही आजी, काम करतोय." तिची अहिराणी मला शब्दन् शब्द कळते, पण उत्तर मराठीतच येतं. लहानपणी वर्गात अहिराणी बोललं की पोरं हसायची. तेव्हाची सवय.

आकड्यांत हे दिसत नाही. 2011 च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे 18 लाखांवर आहेत. अहिराणी त्यातच मोजतात. बुलढाण्यातली निहाली कुठल्याच भाषाकुळात बसत नाही आणि ती बोलणारे दोन-अडीच हजारच आहेत. दहा हजारांखालच्या भाषा जनगणना वेगळ्या छापत नाही, म्हणून निहाली यादीतच नाही. एक आकड्याने सुरक्षित, दुसरी आकड्याबाहेर. घरात कोण कोणाला कुठल्या भाषेत उत्तर देतं, हे दोन्हीकडे कोणी विचारत नाही.

पुस्तक जरूर वाचा. फक्त दर दोन आठवड्यांना एक भाषा मरते, हा त्यातला हिशोब वाचताना बहिणीला विसरू नका.

गेल्या दिवाळीत लक्षात आलं, आजीच आता माझ्याशी मराठीत बोलायला लागली आहे. कधीपासून, ते तिलाही आठवत नाही.