हात कुठे आहे?

पंधरा मिनिटांचा लघुपट, आणि त्यात चित्रकाराचा ब्रश कागदाला टेकलेला दिसतो जेमतेम अर्धा मिनिट! जालन्यातल्या एका चित्रकलाशिक्षकावरचा हा लघुपट पाहिला आणि लिहायला बसलो. बाकी वेळ ड्रोनमधून दिसणारं शहर, शाल-श्रीफळाचे फोटो, सहकाऱ्यांचं कौतुक आणि न थांबणारी बासरी. या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पोरांकडून इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी स्थिरचित्र करून घेतलं. तांब्याची चकाकी दाखवायला तो कागद नेमका कुठे कोरा सोडतो, एवढंच मला पाहायचं होतं.

मराठवाड्यात सध्या निघणारे बहुतेक कलावंतपट असेच गौरवग्रंथ आहेत.

कलावंतपटाची खरी परंपरा कामाकडे टक लावून बघणाऱ्यांची आहे. फ्रेंच दिग्दर्शक क्लूझोने 1956 सालच्या चित्रपटात पिकासोला अर्धपारदर्शक कागदावर चितारायला लावलं आणि कॅमेरा कागदामागे ठेवला. रेषा उमटते, बदलते, आधीचं चित्र पुसलं जातं आणि चित्रकाराची शंका आपल्याला दिसते. सत्यजित राय यांच्या ‘द इनर आय’मध्ये (1972) निवेदन आहे, तेही राय यांच्याच आवाजात, त्यामुळे निवेदनालाच दोष देणं मला मान्य नाही. पण दृष्टी गेलेले चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी काम करतात तेव्हा शब्द मागे सरतात आणि बोटं पाहतात. पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार हुसेनांनी तर 1967 साली फिल्म्स डिव्हिजनसाठी राजस्थानात जवळजवळ निवेदनाशिवाय लघुपट केला. छत्री, कंदील, बूट आणि माणसं एवढ्यावर चित्रकाराची नजर उभी राहिली. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल मिळालं.

आपल्याकडे पाहण्यासारखे हात कमी आहेत का? फ्लेक्स येण्याआधी दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर अजून आहेत. चुन्याने माखलेली दोरी ताणून ते भिंतीवर एका झटक्यात सरळ रेघ उमटवतात, मग अक्षरं त्या रेघेला लटकतात. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शेवटी होते, तेव्हा कारागीर श्वास रोखून धरतो. हे टिपायला ड्रोन लागत नाही. एक तिकाटणं, खिडकीचा उजेड आणि दिवसभर गप्प बसायची तयारी पुरते. ‘पैसा नाही’ ही सबब मी ऐकून घेणार नाही. ड्रोनचं भाडं द्यायला पैसा असतोच. ‘प्रेक्षक कंटाळतो’ हेही खोटं आहे. पाटी रंगवणाऱ्याच्या शिडीखाली जमलेली गर्दी मी लहानपणी पाहिली आहे, तिच्यात मीही असायचो. अक्षर पूर्ण होईपर्यंत कुणी हलत नसे.

न टिपलेला हात कायमचा हरवतो. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, जुन्या भोगवर्धनला, 1970च्या दशकातल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा अवशेष सापडला. इटलीत पाँपेईच्या राखेतून 1938 साली निघालेल्या भारतीय मूर्तीशी तो इतका जुळतो की काही अभ्यासक तिचंही मूळ इथेच शोधतात. भोकरदनची मूर्ती कोरणाऱ्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही आणि त्याने पटाशी कशी धरली तेही नाही. त्या काळी ते टिपण्याचं साधन नव्हतं. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि आपण चित्रकाराच्या सत्काराचं चित्रण करत बसतो.

जालना, अंबड, परतूर, भोकरदनच्या तरुण दिग्दर्शकांना माझी विनंती आहे. पुढचा लघुपट कराल तेव्हा मुलाखत शेवटी घ्या. आधी तीन दिवस त्या माणसाच्या शेजारी बसा आणि कॅमेरा त्याच्या हातावरून हलवू नका.