दूरचित्रवाणीवरील मोटारींचा जीर्णोद्धार : कौशल्याचे दर्शन आणि श्रमाचे विस्मरण

प्रस्तावना

गेल्या दोन दशकांत दूरचित्रवाणीवर जे वास्तवाधारित कार्यक्रम स्थिरावले, त्यांत जुन्या अभिजात मोटारींच्या दुरुस्तीचे कार्यक्रम हा एक स्वतंत्र प्रकार मानावा लागतो. ब्रिटनमध्ये २००३ साली डिस्कव्हरी वाहिनीसाठी सुरू झालेला ‘व्हीलर डीलर्स’, अमेरिकेत २००४ साली टीएलसी वाहिनीवर आलेला ‘ओव्हरहॉलिन’ आणि २०१३ पासूनचा ब्रिटिश ‘कार एसओएस’ ही या प्रकाराची तीन ठळक उदाहरणे होत. डिस्कव्हरी आणि नॅशनल जिओग्राफिक या वाहिन्यांमुळे हा प्रकार भारतीय प्रेक्षकांनाही परिचित झाला. मोटारप्रेमींची करमणूक म्हणून त्याकडे पाहण्याची प्रथा आहे. तथापि, हातांनी केल्या जाणाऱ्या कामाचे इतके सविस्तर चित्रण करणारा दुसरा लोकप्रिय प्रकार दूरचित्रवाणीवर क्वचितच आढळतो. म्हणूनच हे कार्यक्रम श्रमाविषयी काय सांगतात आणि काय सांगायचे टाळतात, हे तपासणे अगत्याचे ठरते. या कार्यक्रमांत कौशल्याचा गौरव होतो, परंतु श्रमाचा हिशेब मात्र होत नाही, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कथनाची रचना

वरील तिन्ही कार्यक्रमांचा कथनाकृतिबंध बराचसा समान आहे. आरंभी गंजलेली, टाकून दिलेली मोटार दिसते. मग तिचा पूर्वेतिहास येतो, नंतर कार्यशाळेतील संकटे येतात आणि अखेरीस झळाळत्या रूपातील मोटारीचे अनावरण होते. ही रचना लोककथेतील शापमुक्तीच्या कथेला जवळची आहे. ‘ओव्हरहॉलिन’मध्ये मालकाच्या घरचेच कोणी तरी कटात सामील होते, मोटार काही बहाण्याने पळवली जाते, मालकाला हुलकावण्या दिल्या जातात आणि आरेखनकार चिप फूस यांचा चमू सुमारे आठवडाभरात तिचा कायापालट करतो. ‘कार एसओएस’मध्ये टिम शॉ आणि फझ टाउनशेंड हे दोघे आजारपणाने किंवा कौटुंबिक आपत्तीने खचलेल्या मालकाची मोटार त्याच्या नकळत दुरुस्त करून त्याला परत देतात. ‘व्हीलर डीलर्स’मध्ये अनावरणाची जागा विक्री घेते. माइक ब्रूअर स्वस्तात मोटार खरेदी करतात, यंत्रज्ञ एड चायना ती दुरुस्त करतात आणि शेवटी नफ्याचा आकडा पडद्यावर येतो.

अनावरणाच्या क्षणी कॅमेरा मोटारीपेक्षा मालकाच्या चेहऱ्यावर अधिक रेंगाळतो. त्याचे अश्रू हेच कामाच्या दर्जाचे प्रमाणपत्र ठरते. जोडकाम सरळ आहे की नाही, दारांच्या फटी सारख्या आल्या की नाहीत, हे कारागिराचे निकष त्या क्षणी बाजूला पडतात.

काळाचे संक्षेपण

अभिजात मोटारीच्या संपूर्ण पुनर्बांधणीला शेकडो, प्रसंगी हजाराहून अधिक तास लागतात. जुना रंग उतरवणे, गंजलेला पत्रा कापून काढणे, त्याच मापाचा नवा तुकडा ठोकून घडवणे, तो वितळजोडाने बसवणे, सांधा घासून सपाट करणे, अस्तराचा थर देणे, तो वाळू देणे, पॉलिश पेपरने पाण्यात घासणे आणि पुन्हा थर देणे, असा हा क्रम आहे. यातील बराच काळ पुनरावृत्तीचा आणि प्रतीक्षेचा असतो. पडद्यावर हाच काळ वेगवान दृश्यमालिका आणि पार्श्वसंगीत यांच्या आधारे काही क्षणांत संपतो.

दूरचित्रवाणीला संक्षेप अटळ आहे, हा आक्षेप येथे घेता येईल व तो रास्तही आहे. पाककृतींचे कार्यक्रमही शिजण्याचा वेळ गाळतात. परंतु नेमके काय गाळले जाते, हे महत्त्वाचे ठरते. चुकलेले माप, फुकट गेलेला पत्रा, रंगावर आलेले फोड आणि त्यामुळे पुन्हा आरंभापासून करावे लागलेले काम हे क्वचितच दिसते. जे संकट दिसते, ते बहुधा मुदतीचे असते. परिणामी, काम कठीण आहे ते वेळ कमी असल्यामुळे, असा समज दृढ होतो. वस्तुतः वेळ मुबलक असला तरी ते काम कठीणच असते.

श्रमाचा हिशेब

‘व्हीलर डीलर्स’चा शेवटचा हिशेब या दृष्टीने सर्वाधिक बोलका आहे. खरेदीची किंमत आणि सुट्या भागांचा व बाहेरून करून घेतलेल्या कामांचा खर्च त्यात मांडला जातो, मात्र एड चायना यांनी कार्यशाळेत घालवलेल्या तासांची मजुरी त्यात धरली जात नाही. ती धरल्यास अनेक भागांतील नफ्याचे रूपांतर तोट्यात होईल, हे उघड आहे. उर्वरित दोन कार्यक्रमांत तर किमतीचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ‘ओव्हरहॉलिन’मध्ये श्रम ही अनपेक्षित भेट असते आणि ‘कार एसओएस’मध्ये ते परोपकाराचे रूप घेतात. याचा अर्थ असा, की भागीदारी, भेट आणि परोपकार या तीन भिन्न निमित्तांनी तिन्ही ठिकाणी मजुरीचा रकाना कोराच राहतो.

तरीही ‘व्हीलर डीलर्स’ला न्याय देणे आवश्यक आहे. नारिंगी हातमोजे घातलेले चायना एखादा भाग का बिघडला, तो कसा सोडवावा आणि पुन्हा कसा बसवावा, हे ज्या संथपणे समजावीत, ते खऱ्या अर्थाने अध्यापन होते. नेमके हेच पुढे वादाचे कारण ठरले. २०१७ मध्ये कार्यक्रम सोडताना चायना यांनी जाहीरपणे सांगितले, की कार्यशाळेतील तपशीलवार चित्रण कमी करावे असा निर्मितीची सूत्रे हाती घेतलेल्या वाहिनीचा आग्रह होता आणि तो त्यांना मान्य नव्हता. पुढे त्यांच्या जागी अँट अँस्टेड आले व कार्यक्रम चालू राहिला. मोटारीची खरेदी-विक्री चित्रित करणे सोपे आहे, तर दुरुस्तीचे चित्रण वेळखाऊ आणि खर्चिक आहे. बाजारपेठेच्या तर्काने पाहता, श्रमाचे दर्शनही अखेर महागच पडते.

रोलाँ बार्थ यांनी ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) या ग्रंथात सिट्रोएन डीएस या मोटारीचे जे विवेचन केले आहे, ते येथे उपयुक्त ठरते. त्यांच्या मते गुळगुळीत, सांधा न दिसणारा पृष्ठभाग पूर्णत्वाचा आभास निर्माण करतो, कारण सांधा दिसला की मानवी हाताने केलेली जोडणी आठवते. बार्थ यांचे विवेचन कारखान्यातून आलेल्या नव्या मोटारीविषयी होते. पुनरुज्जीवनाच्या कार्यक्रमांत मात्र सांधे घालणारा हात आपण प्रत्यक्ष पाहिलेला असतो आणि तरीही अनावरणाच्या झगमगाटात तो विसरतो. हे विस्मरण अधिक गंभीर म्हटले पाहिजे.

मौलिकतेचा प्रश्न

जीर्णोद्धार म्हणजे नेमके काय, हा प्रश्नही येथे उपस्थित होतो. वास्तूंच्या जतनासंबंधीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने जिथे अनुमान सुरू होते तिथे जीर्णोद्धाराने थांबावे, असे तत्त्व मांडले. मोटारींच्या क्षेत्रातही हा विवेक अपरिचित नाही. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून भरणाऱ्या प्रदर्शनात मूळ स्थितीत जतन केलेल्या मोटारींसाठी स्वतंत्र वर्ग आहे. मात्र मूळ रंगाचा फिकटपणा, आसनावरील झीज, जुन्या दुरुस्तीच्या खुणा यांना दूरचित्रवाणीच्या व्याकरणात स्थान नाही. पूर्वी आणि नंतर यांतील विरोध जितका तीव्र, तितका कार्यक्रम यशस्वी ठरतो. त्यामुळे जतनापेक्षा नूतनीकरणाला झुकते माप मिळते. दगडी देवळाला तैलरंग फासून त्यालाच जीर्णोद्धार म्हणण्याची आपल्याकडील प्रवृत्ती याहून फार वेगळी नाही. दोन्ही ठिकाणी आधीच्या कारागिराच्या हाताची खूण पुसली जाते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की हे कार्यक्रम हस्तकौशल्याविषयी आदर निर्माण करतात आणि त्यांचे हे श्रेय नाकारता येत नाही. पदवीला विद्या आणि पान्याला मजुरी मानणाऱ्या आपल्या शैक्षणिक वातावरणात हा आदर मोलाचाच आहे. परंतु तो आदर मोबदल्याच्या प्रश्नापर्यंत पोहोचत नाही. गॅरेजमधील बिलात सुट्या भागांची रक्कम निमूटपणे मान्य करणारा ग्राहक मजुरीच्या ओळीवर मात्र घासाघीस करतो, हा आपल्या सर्वांच्या परिचयाचा अनुभव आहे. या वृत्तीचे मूळ दूरचित्रवाणीत नाही, मात्र मजुरीचा रकाना कोरा ठेवून हे कार्यक्रम तिला नकळत दुजोरा देतात. वर्गात या कार्यक्रमांची चर्चा करताना विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारला तरी पुरेसे होईल : या मोटारीसाठी किती तास लागले आणि त्याचे पैसे कोणाला मिळाले? या प्रश्नापासूनच माध्यमसाक्षरतेचा खरा आरंभ होतो.