‘सामना’ आणि आपले पाकीट

कीर्तनकाराने सिनेमावर का लिहावे, असे काही माउली विचारतील. ‘सामना’ १९७५ साली आला तेव्हा मी आळंदीला शिकत होतो. सिनेमाचे नावही काढण्याची सोय नव्हती. तो पाहिला आता, गळा थकल्यावर, नातवाच्या मोबाइलवर. दोनदा पाहिला.

लेखन विजय तेंडुलकरांचे, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे. निळू फुल्यांचा हिंदूराव धोंडे पाटील म्हणजे साखर कारखान्याचा आणि सगळ्या गावाचा धनी. डॉ. लागूंचा मास्तर एके काळचा स्वातंत्र्यसैनिक, आता दारूत बुडालेला. पाटील त्याला आसरा देतो, खाऊपिऊ घालतो. आणि मास्तर त्याच्याच बैठकीत बसून गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेची चौकशी करीत राहतो. आपण नाम घ्यावे तशी. उठता, बसता, शुद्धीत, नशेत.

सिनेमाचे मोठेपण मला हिंदूरावात दिसले. तो आळशी लुटारू नाही. त्याने खरोखर काही उभे केले आहे, आणि केलेल्या कामाची किंमत म्हणून तो गावाचे तोंड बंद ठेवतो. पुढाऱ्यावरचा विश्वास असाच जातो. काम झालेले असते, म्हणून विचारायला जीभ वळत नाही. आणि न विचारलेले मनात कुजत राहते.

एक उणीव मात्र वाटली. गाव गप्प आहे ते मुख्यतः धाकाने, असे सिनेमा सांगतो. ते अर्धेच खरे. उरलेले अर्धे गप्प बसणे मानपानाचे असते, आणि ते सिनेमात फक्त मास्तरच्या पेल्यात दिसते. भल्या नावांचा आडोसा त्यात येतच नाही. पुढे १९८२ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुख्यमंत्री अंतुले यांना पायउतार व्हावे लागले. सिमेंटच्या वाटपाशी जोडलेल्या देणग्या ज्या प्रतिष्ठानाकडे गेल्या, त्याला नाव होते पंतप्रधानांचे. नाव चांगले असले की पावती फाडणाऱ्याचा हात अडत नाही.

हे मी कोणत्या तोंडाने लिहितो? एका गावी सप्ताह होता. मंडप, पंगत, माझी बिदागी, सारे एका पुढाऱ्याचे. त्याच्या पतसंस्थेत गरिबांच्या ठेवी अडकल्या होत्या, हे मला आदल्या रात्रीच पखवाजवाल्याने सांगितले होते. तरी काल्याच्या कीर्तनात, गळ्यात वीणेकऱ्याने घातलेला हार असताना, मी त्या पुढाऱ्याला धर्माचा आधार म्हटले. टाळकऱ्यांनी गजरही केला. (गजर माझ्यासाठी होता की त्याच्यासाठी, हे मी तेव्हा पाहिले नाही.)

कीर्तन संपल्यावर एक म्हातारी पाया पडली. ऊसतोडीच्या पैशातली तिची ठेव होती. म्हणाली, “महाराज, तुमी त्यांचं नाव घेतलं, आता माजं पैसं बुडायचं न्हाईत ना?”

मास्तरने पाटलाचे खाल्ले, प्याला, आणि तरी विचारले. मी दारूला कधी शिवलो नाही. मी त्या माउलीच्या कपाळी बुक्का लावला, पाकीट बंडीच्या खिशात सारले आणि पुढाऱ्याने पाठवलेल्या जीपमध्ये जाऊन बसलो.