मतपेटीचा इतिहास आणि सभागृहातील मौन : बनवारीलाल पुरोहित यांच्या संसदीय कारकिर्दीची चिकित्सा

प्रस्तावना

लोकप्रतिनिधीच्या कार्याचे मूल्यमापन करताना राज्यशास्त्राच्या अभ्यासकापुढे मुख्यतः दोन साधने असतात. मतदारांनी त्याला दिलेला कौल हे एक, आणि निवडून गेल्यावर त्याने सभागृहात केलेले मतदान हे दुसरे. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये नामवार मतदानाची प्रथा दृढ असल्याने तेथील अभ्यासक सदस्याचा एकेक होकार-नकार मोजून त्याची वैचारिक जागा ठरवू शकतात. आपल्याकडे तीच पद्धत उचलून लोकप्रतिनिधींची चरित्रे लिहिली जातात तेव्हा निवडणुकांचे कोष्टक सविस्तर येते आणि मतदानाच्या नोंदीची जागा विचारलेल्या प्रश्नांची संख्या, उद्घाटने व समित्यांची यादी यांनी भरून काढली जाते. ही उणीव लेखकांच्या आळसाची नसून साधनाचीच आहे. नागपूरचे माजी खासदार बनवारीलाल पुरोहित यांची कारकीर्द त्या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. कारण पक्षांतराचा आरोप ज्यांच्यावर वारंवार झाला, त्यांच्याबाबतीतच सभागृहातील वर्तनाचा पुरावा सर्वाधिक हवा असतो.

निवडणुकांचा आलेख

पुरोहित १९७८ साली पूर्व नागपूरमधून आणि १९८० साली दक्षिण नागपूरमधून महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले. १९८२ मध्ये त्यांना राज्यमंत्रिपद मिळाले. १९८४ आणि १९८९ या दोन्ही लोकसभा निवडणुका त्यांनी काँग्रेसच्या तिकिटावर नागपुरातून जिंकल्या. यांपैकी दुसरा विजय अधिक बोलका आहे. १९८४ ची लाट देशभर होती. १९८९ मध्ये ती ओसरून काँग्रेसने केंद्रातील सत्ता गमावली, तरी नागपूर काँग्रेसकडेच राहिले. पुढे अयोध्येतील राममंदिराच्या प्रश्नावर पक्षाशी बिनसल्याने ते भारतीय जनता पक्षात गेले. १९९१ मध्ये काँग्रेसच्या दत्ता मेघे यांनी त्यांचा पराभव केला. १९९६ मध्ये मात्र ते भाजपचे उमेदवार म्हणून विजयी झाले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना १९२५ साली ज्या शहरात झाली, त्या शहराने भाजपचा खासदार निवडून दिला तो १९९६ मध्ये प्रथमच, आणि त्यानंतर थेट २०१४ मध्ये नितीन गडकरी यांच्या रूपाने. या वस्तुस्थितीकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

१९९९ मध्ये ते पुन्हा काँग्रेसमध्ये आले व रामटेकमधून पराभूत झाले. त्यानंतर विदर्भ राज्य पक्ष स्थापून २००४ ची निवडणूक त्यांनी नागपुरातून लढविली, तेथेही अपयश आले. २००९ मध्ये भाजपच्या उमेदवारीवर पुन्हा पराभव झाला. १९९८ पासून २००९ पर्यंतच्या चारही निवडणुकांत नागपूरची जागा काँग्रेसचे विलास मुत्तेमवार यांच्याकडे राहिली.

हा आलेख पाहून ‘संधिसाधू’ असा शेरा मारणे सोपे आहे, आणि तो अनेकांनी मारलाही. तथापि एक बाब न्यायाने नोंदविली पाहिजे. पक्ष बदलल्यावर पुरोहित दरवेळी मतदारांपुढे उभे राहिले, आणि काँग्रेस सोडल्यानंतरच्या या लढतींपैकी यश केवळ १९९६ चे आहे. पक्षांतराने संधी साधली जाते असे म्हणावयाचे, तर येथे ती बहुधा हुकलेलीच दिसते. निकाल जे सांगतात ते असे की, नागपूरच्या मतदाराने सामान्यतः व्यक्तीपेक्षा पक्षाला मत दिले.

अपवाद आहे तो विदर्भाच्या प्रश्नाचा. १९६२ मध्ये लोकनायक बापूजी अणे नाग-विदर्भ आंदोलन समितीच्या पाठिंब्याने अपक्ष म्हणून येथून निवडून गेले; १९७१ मध्ये फॉरवर्ड ब्लॉकच्या जांबुवंतराव धोटे यांनी ही जागा जिंकली. पुढे १९८० मध्ये धोटे याच मतदारसंघातून निवडून आले ते इंदिरा काँग्रेसचे उमेदवार म्हणून. त्यामुळे २००४ चा पराभव म्हणजे विदर्भाच्या मागणीलाच नकार, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. चळवळीचा भर असताना ज्या मागणीने खासदार निवडून दिले, ती मागणी नव्याने स्थापलेल्या एका पक्षाच्या यशापयशाने मोजता येत नाही.

सभागृहातील नोंद

आता दुसऱ्या साधनाकडे वळता येईल. लोकसभेत ठराव वा विधेयक प्रथम आवाजी मतदानाला टाकले जाते. त्या निर्णयाला कोणी आव्हान दिले तरच मतविभागणी होते आणि सदस्यांची नावे कामकाजात उतरतात. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागत असल्याने तेथे मतविभागणी अपरिहार्य ठरते. म्हणजे ज्या मतदानाची नोंद हमखास सापडते ते प्रायः घटनादुरुस्तीचे असते, आणि नेमके तेथेच पक्षादेशाची पकड सर्वांत घट्ट असते. १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आणली व पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्व धोक्यात आले. ज्या आठव्या लोकसभेने हा बदल केला, तिच्यातच पुरोहित प्रथम खासदार म्हणून बसले होते. त्यानंतरच्या कोणत्याही सदस्याच्या मतावरून त्याचे मन ओळखू पाहणे म्हणजे गणवेशावरून स्वभाव ठरविण्यासारखे आहे.

याची साक्ष दोन प्रसंग देतात. ७ नोव्हेंबर १९९० रोजी विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार १४२ विरुद्ध ३४६ मतांनी पडले, आणि ११ एप्रिल १९९७ रोजी एच. डी. देवेगौडा यांचे सरकार १५८ विरुद्ध २९२ मतांनी. पहिल्या वेळी पुरोहित ज्या लोकसभेचे सदस्य होते तेथे ते काँग्रेसतर्फे निवडून आले होते, दुसऱ्या वेळी भाजपतर्फे. दोन्ही प्रसंगी काँग्रेस आणि भाजप हे दोन्ही पक्ष सरकारच्या विरोधातच होते. केवळ मतांच्या यादीवर विसंबणाऱ्या अभ्यासकाला या दोन तारखांच्या दरम्यान नागपूरच्या खासदाराचा पक्ष बदलला, याचा सुगावाही लागणार नाही.

सामान्य विधेयकांच्या बाबतीत अंधार अधिकच दाट आहे. १९८८ मध्ये राजीव गांधी सरकारचे बदनामीविषयक विधेयक लोकसभेने मंजूर केले. देशभर वृत्तपत्रांनी निषेध केल्यावर सरकारने ते सोडून दिले. पुरोहित त्या वेळी सत्ताधारी पक्षाचे खासदार होते, आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सुरू केलेल्या ‘हितवाद’ या नागपूरच्या इंग्रजी दैनिकाची धुराही त्यांच्याकडेच होती. वृत्तपत्राचा चालक आणि पक्षाचा सदस्य या दोन भूमिकांचा असा थेट सामना क्वचितच घडतो. अशा वेळी मताचा प्रश्न मतदाराने विचारावा इतका रास्त आहे. परंतु पक्षादेशाखाली दिलेल्या मताची नोंद असो वा नसो, तिच्यातून या प्रश्नाचे खरे उत्तर हाती लागत नाही.

विदर्भाच्या बाबतीतही हेच. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार नवे राज्य साध्या बहुमताने निर्माण होते. मोठ्या राज्यांतून छत्तीसगड, उत्तरांचल व झारखंड ही राज्ये २००० मध्ये वेगळी झाली तेव्हा पुरोहित सभागृहात नव्हते. १८ फेब्रुवारी २०१४ रोजी तेलंगणाचे विधेयक लोकसभेत आवाजी मतदानाने संमत झाले, तेही थेट प्रक्षेपण बंद असताना. उद्या विदर्भाचे विधेयक आले तर वैदर्भीय खासदारांनी काय केले, हे मतदारांना नावानिशी कळेलच अशी खात्री विद्यमान नियम देत नाहीत.

विधेयकांविषयी पुरोहित यांची स्वतःची, लेखी आणि कारणांसह मांडलेली भूमिका शोधावयाची तर लोकसभेबाहेर जावे लागते. आसाम व तामिळनाडूनंतर २०२१ मध्ये ते पंजाबचे राज्यपाल झाले. जून २०२३ मध्ये पंजाब विधानसभेने संमत केलेली चार विधेयके त्यांनी, ती बैठकच वैध आहे की नाही अशी शंका पत्राद्वारे उपस्थित करून, रोखून धरली. १० नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बैठक वैध ठरविली आणि निवडून न आलेल्या राज्यपालाला विधानमंडळाची विधेयके अनिश्चित काळ अडवून ठेवता येणार नाहीत, असा निर्वाळा दिला.