‘कोकिळा’ ही उपाधी : एका पक्षीनामाची चिकित्सा

प्रस्तावना :
१३ फेब्रुवारी १९६४ रोजी सरोजिनी नायडू यांचे टपाल तिकीट निघाले. त्या काळी देशाची टपाल तिकिटे नाशिक रोड येथील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जात. मराठी वाचकाला सरोजिनी आजही प्रथम ‘भारतकोकिळा’ म्हणूनच आठवतात. पुढे लता मंगेशकर (१९२९-२०२२) ‘गानकोकिळा’ ठरल्या. एका पक्ष्याचे नाव व्यक्तीला दिले जाते तेव्हा काय साधते आणि काय झाकले जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
सरोजिनींची कविता इंग्रजीत आहे. त्यांचा ‘द गोल्डन थ्रेशोल्ड’ हा संग्रह १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजीतील त्यांची उपाधी ‘नाइटिंगेल’ या पक्ष्यावरून आली. फारसी काव्यातील ‘बुलबुल’ तोच. भारतात मात्र बुलबुल हे नाव वेगळ्याच पक्षिकुळाला मिळाले. शिवाय स्काउट-गाइड चळवळीतील लहान मुलींच्या पथकाला आणि ‘बुलबुलतरंग’ या वाद्यालाही. मराठीने नाइटिंगेलच्या जागी कोकिळा बसविली. वसंत व आम्रमोहर यांच्याशी जडलेल्या आपल्या काव्यसंकेतांना हा पर्याय साजेसा आहे.

तथापि, ‘कुहू’ गाणारा असतो तो काळा नर. ठिपकेदार मादीचा आवाज तुटक व तीव्र असतो. नाइटिंगेलमध्येही गाण्यासाठी ख्यात आहे तो नरच. म्हणजे स्त्रीच्या सुरांचा गौरव करणारी ही उपाधी गोड न गाणाऱ्या मादीच्या नावावर उभी आहे. काव्यात अशी चूक क्षम्य ठरते. उपाधीमुळे होणारा संकोच अधिक गंभीर आहे. १९२५ च्या कानपूर काँग्रेसच्या अध्यक्षा, १९३० च्या धारासणा सत्याग्रहाच्या नेत्या आणि स्वातंत्र्यानंतर संयुक्त प्रांताच्या राज्यपाल झालेल्या सरोजिनी ‘कोकिळा’ या शब्दात मावत नाहीत. तेथे उरतो तो केवळ गोड गळा.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०-१९१०) यांचे उदाहरण याउलट आहे. त्यांच्या वडिलांचे मूळ आडनाव शोअर. वारसाहक्काने मालमत्ता मिळाल्यावर १८१५ मध्ये त्यांनी नाइटिंगेल हे नाव घेतले. ते नाव कोणी गौरवाने दिलेले नव्हते. शुश्रूषा आणि सैनिकांच्या मृत्यूंची सांख्यिकी मांडणी या कार्याने फ्लॉरेन्सनी त्याला नवा अर्थ दिला. आज ते उच्चारताच पक्ष्याआधी परिचारिका आठवते.

मराठीतही अर्थविस्ताराचे उदाहरण आहे. लोकगीतांत ‘मैना’ म्हणजे प्रिया. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या काळात अण्णा भाऊ साठे यांच्या छक्कडीत गावी राहिलेली ही मैना महाराष्ट्रापासून दुरावलेल्या भूमीचेही रूप घेते. येथे पक्षीनाम व्यक्तीला लहान करीत नाही. ते खासगी विरहाला सामूहिक आशय देते.

निष्कर्ष :
पक्षीनामाचे मोल त्याच्या माधुर्यावर ठरत नाही. ते नाव धारण करणाऱ्याचे कार्य दाखविते की झाकते, हीच त्याची कसोटी होय. या कसोटीवर ‘मैना’ उतरते. ‘भारतकोकिळा’ ही उपाधी अपुरी पडते. पाठ्यपुस्तकांत ती देताना सरोजिनींच्या राजकीय कर्तृत्वाचाही उल्लेख अनिवार्य मानला पाहिजे.